आधी आरसी, मग गॅरेज: मुंबईत गाडी मॉडिफाय करण्यापूर्वी

ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात नवखं गिऱ्हाईक शिरलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे लावलं तर पोलीस पकडतात का?" दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं: "काय नाय होत साहेब, सगळे लावतात." तसं पाहिलं तर तो खोटं बोलत नाही. लावणारे खूप आहेत आणि त्यातल्या कित्येकांना महिनोन्‌महिने कोणी हात दाखवत नाही. नाक्यावर कोण उभं आहे, त्या आठवड्यात कसली मोहीम चालू आहे, यावर पकडणं अवलंबून असतं. गाडी कायद्यात बसते की नाही हे मात्र एका कागदावर ठरतं, आणि तो कागद तुमच्याकडे आधीपासून आहे.

म्हणून सुरुवात दुकानातून करू नका, डॅशबोर्डच्या खणातून करा.

आरसी काढा आणि एकदा नीट वाचा

आरसी म्हणजे गाडीचा नोंदणी दाखला. त्यावर कंपनी, मॉडेल, बॉडीचा प्रकार, रंग, इंधन, इंजिन नंबर, चासी नंबर, इंजिनची क्षमता, बसण्याच्या जागा, रिकाम्या गाडीचं वजन असं बरंच काही असतं. आपण तो फक्त कोणी मागितला की दाखवतो, वाचत कधीच नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की दाखल्यावरचा तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं: कंपनीने जे मूळ तपशील दिले, गाडी त्यांना धरूनच असली पाहिजे. त्याआधी उच्च न्यायालयाने थोडी मोकळीक दिली होती, ती गेली.

यातून नवख्याला पुरतील असे दोन प्रश्न निघतात. हा बदल केल्यावर आरसीवरची एखादी ओळ किंवा कंपनीने पास करून घेतलेला सांगाडा खोटा ठरतो का? आणि काचा, दिवे, हॉर्न, सायलेन्सर, नंबर प्लेट यांबद्दल केंद्रीय मोटार वाहन नियमांत जे स्वतंत्रपणे लिहिलंय, ते कुठे मोडतं का? दोन्हींना "नाही" असं उत्तर आलं तर बिनधास्त खर्च करा. एकालाही "हो" आलं तर आधी आरटीओ, नाहीतर सरळ नाद सोडा.

शिक्षेचं गणित इथेच समजून घ्या, कारण त्यातला एक शब्द लोक वाचतच नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२ए म्हणतं की बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हा दंड गाडीमागे नाही, *प्रत्येक बदलामागे* आहे. बंपर, सायलेन्सर, चाकं आणि दिवे असे चार उद्योग करून ठेवले असतील तर बेरीज तुम्हीच करा.

रीलमध्ये दिसणारे ट्रेंड आणि आपला रस्ता

आता ज्याच्यासाठी हा लेख उघडलात तिकडे येऊ. रात्री अकरानंतर मरीन ड्राइव्हला किंवा बीकेसीत जे दिसतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा दुसऱ्या देशात असतं. तिकडे तो प्रकार कशासाठी जन्मला आणि तिथल्या कायद्याने त्याचं काय केलं, हे कळलं की आपल्याकडे काय होईल याचा अंदाज येतो.

जपानी "ओनिक्यान" घ्या. चाकं वरून आत आणि खालून बाहेर अशी इतकी तिरकी करतात की टायरची फक्त आतली कड रस्त्याला टेकते. शर्यतीच्या गाड्यांना थोडा निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत कल, असतो, वळणावर पकड मिळावी म्हणून. ओनिक्यान ही त्याची अतिशयोक्ती. फोटोत जबरदस्त दिसतं. पण ब्रेक मारताना रस्त्याला टेकलेला टायर किती, यावरच गाडी थांबते, आणि इथे तो बोटभर उरलेला असतो. जुलैतला ओला पेव्हर ब्लॉक आणि असं चाक ही जोडी मला नुसती डोळ्यांसमोर आणायलाही नको वाटते. आपल्या नियमांत "अमुक अंश चालेल" अशी पळवाट शोधू नका. सस्पेन्शनची भूमिती कंपनीने पास करून घेतलेली आहे, ती तुम्ही मोडलीत, एवढं पुरतं.

जपानचाच दुसरा प्रकार म्हणजे "ताकेयारी", बांबूच्या भाल्यासारखे आकाशाकडे उभे केलेले सायलेन्सरचे पाइप. आपल्याकडे तो अजून फारसा आलेला नाही. येऊही नये, फ्लायओव्हरखालची वायरिंग आधीच लोंबकळत असते.

अमेरिकेतला "स्क्वॉट" मात्र इथल्या पिकअप आणि मोठ्या एसयूव्हींवर दिसायला लागलाय. पुढचा भाग उचललेला, मागचा बसलेला. नाक वर गेल्यामुळे चालकाला बॉनेटच्या पुढचं लहान मूल दिसत नाही आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. हे फक्त माझं मत नाही. नॉर्थ कॅरोलायना राज्याने १ डिसेंबर २०२१ पासून कायदा करून यावर बंदी घातली, पुढे व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलायनानेही. जिथे पिकअप ट्रक घरच्या माणसासारखा मानतात तिथे ही गत, तर आपण कशाला सुरू करायचं?

"डॉंक" म्हणजे जुन्या अमेरिकन सेदानला २४ इंच किंवा त्याहून मोठी चाकं. "वाइडबॉडी" म्हणजे मडगार्ड कापून त्यावर रुंद फ्लेअर बोल्टने ठोकणं. "लोरायडर" म्हणजे हायड्रॉलिकवर नाचणारी गाडी. कॅलिफोर्नियात लोरायडरवरचे जुने निर्बंध १ जानेवारी २०२४ पासून उठले, आणि ती बातमी फिरवून "बघा, तिकडे लीगल झालं" म्हणणारे इथेही भेटतात. तिकडचा कायदा तिकडच्या गाडीला. एमएच-०१ च्या प्लेटला तो लागू होत नाही.

देशी यादीही काही कमी नाही. वर उघडणारे "लॅम्बो डोअर", आफ्टरमार्केट सनरूफ, छप्पर कापून केलेली कन्व्हर्टिबल, लांबवलेली लिमोझिन. या सगळ्यांचा दोष एकच. आजच्या बहुतेक कार मोनोकॉक असतात, म्हणजे वेगळी चासी नसते. छप्पर, खांब आणि फ्लोअर मिळूनच सांगाडा बनतो. छपराला भोक पाडलं की गाडी उलटल्यावर तुमच्या डोक्यावरचा भार पेलणारा भागच कापला. त्यात मुंबईचा पाऊस आहेच. दुकानात बसवलेल्या सनरूफच्या कडेने पहिल्याच मोसमात पाणी सीटवर ठिबकलेलं मी पाहिलंय, आणि मालक तिथे सिलिकॉन भरत बसलेला. सनरूफ हवं असेल तर कंपनीचं सनरूफ असलेलं व्हेरिअंट घ्या. लॅम्बो डोअरचं वेगळंच: अपघातात गाडी छपरावर पडली तर दार उघडायला जागाच राहत नाही.

बुलबार किंवा क्रॅश गार्डबद्दल तर शंका ठेवायचं कारणच नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना कळवलंय की हे बेकायदा आहेत, कारवाई करा. समोरच्या बंपरचं काम चेपण्याचं असतं. धक्का तिथे शोषला जावा आणि एअरबॅगच्या सेन्सरला नेमका अंदाज मिळावा म्हणून ती रचना असते. पुढे लोखंडी पाइप लावला की धक्का थेट सांगाड्यात जातो, सेन्सरचा हिशेब चुकू शकतो आणि समोर पादचारी असला तर त्याचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

चाकं आणि टायर: इथे कॅल्क्युलेटर हातात घ्या

सगळ्यात जास्त पैसे लोक इथे घालतात आणि नवख्याला कायद्यात राहून हौस भागवायची असेल तर वावही इथेच आहे. म्हणून थोडं सविस्तर.

अलॉय लावणं गुन्हा नाही. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटला कंपनी जो साइज देते, तो लावला तर कोणी काही म्हणू शकत नाही. हा पहिला आणि सोपा मार्ग. त्याच्या पुढे जायचं असेल तर टायरचा एकूण व्यास मूळ टायरच्या जवळपास राहिला पाहिजे. या धंद्यात तीन टक्क्यांच्या आतला फरक चालवून घेतात, मी त्याहूनही कमी ठेवा म्हणेन.

व्यास काढायचा कसा? समजा तुमचा टायर १८५/६५ आर१५ आहे. १८५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १२०.२५ मिमी. ती वर-खाली दोनदा धरा: २४०.५. रिम १५ इंच, म्हणजे ३८१ मिमी. बेरीज ६२१.५ मिमी. आता १९५/५५ आर१६ चं काढा: बाजू १०७.२५, दुप्पट २१४.५, रिम ४०६.४, बेरीज ६२०.९. एका मिलिमीटरचाही फरक नाही, आणि रिम एक इंचाने मोठं दिसतं. हौसही भागली आणि मीटरही खरं राहिलं.

आता त्याच गाडीला कोणी "ऑफरोड लुक" म्हणून २३५/७५ आर१५ चढवला तर? बेरीज ७३३.५, म्हणजे मूळपेक्षा १८ टक्के जास्त. चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण मीटरला ते कळत नाही. मीटरवर ७० दिसत असताना गाडी ८२ च्या पुढे असते. कोस्टल रोडला सरळ पट्ट्यात मर्यादा ८० ची आहे आणि कॅमेरा तुमचा मीटर बघत नाही. वर स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर टायर मडगार्डच्या लायनरला घासतो, पिकअप मरतो, मायलेज पडतं, ब्रेकवर ताण येतो.

आणखी दोन गोष्टी दुकानात बघून घ्या. टायरवरचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो तो आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. आणि चाक मडगार्डच्या बाहेर डोकावायला नको. स्पेसर, म्हणजे चाकामागची जाड चकती, टाकून चाक बाहेर ढकलण्याचा सल्ला कोणी दिला तर दुकान बदला, कारण त्याने बेअरिंग आणि बोल्टवर भलताच भार येतो. स्वस्तातले नकली अलॉय आपल्या खड्ड्यांत तडकतात, हे सांगायला तर तज्ज्ञ लागत नाही.

आवाज, दिवे, काचा

सायलेन्सर मध्यातून कापून "स्ट्रेट पाइप" करणं, किंवा ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, फेरफार (रीमॅप) करून अ‍ॅक्सिलरेटर सोडताना फटाके वाजवणं, हे दोन्ही प्रकार आवाज आणि धूर या दोन निकषांवर एकदमच नापास होतात. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि डिझेलमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो काढला की गाडी ज्या प्रमाणपत्रावर विकली गेली तेच संपलं. आवाज आणि प्रदूषणाच्या निकषांचा भंग कलम १९०(२) मध्ये येतो. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, शिवाय लायसन्स तीन महिने बाद होऊ शकतं. "रीमॅप दिसत नाही हो कोणाला" हे खरं. पण तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या स्कॅनरला दिसू शकतो, आणि मग वॉरंटीबद्दल बोलायची सोय राहत नाही.

प्रेशर हॉर्न आणि वेगवेगळे सूर काढणारे म्युझिकल हॉर्न नियम ११९ ने बाद. रिव्हर्स घेताना भजन वाजवणाऱ्या गाड्यांबद्दल माझं मत विचारू नका.

दिव्यांत लोक नकळत चुकतात. साधा एच४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. दुकानदार १००/९० चा देतो, वायरिंग तापते, कनेक्टर वितळतो. एचआयडी किंवा एलईडी बल्ब हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बसवला की उजेडाचा उगम जागेवरून सरकतो आणि झोत रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत फुटतो. तुम्हाला वाटतं उजेड वाढला, आणि घोडबंदर रोडला समोरून येणारा आंधळा होतो. छपरावरचे, बंपरवरचे सर्चलाइट नियम १११ नुसार आरटीओच्या आधीच्या मंजुरीशिवाय लावता येत नाहीत. पुढच्या बाजूला लाल उजेड दाखवायचा नाही आणि मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा दाखवायचा नाही, त्यामुळे गाडीखालच्या निळ्या-हिरव्या पट्ट्या रस्त्यावर पेटवणं अडचणीचं. लाल-निळे लुकलुकणारे दिवे लावणाऱ्याने लक्षात ठेवावं की १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचेही दिवे उतरले आहेत.

काचांवरून सर्वात जास्त वाद होतो, तो असा. नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की काच मुळातच तशी बनलेली असावी, वरून कुठल्याही टक्क्याची काळी फिल्म चिकटवायची नाही. पुढे नियमात बदल होऊन १ एप्रिल २०२१ पासून "सेफ्टी ग्लेझिंग" हा शब्द आला, आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं की ठरलेल्या मानकाची आणि त्याच ७०-५० च्या मर्यादेतली फिल्म लावल्याबद्दल दंड करता येणार नाही. मग मुंबईत लावावी का? माझा सल्ला नाही असाच आहे. भर उन्हात नाक्यावर हवालदाराला केरळचा निकाल वाचून दाखवण्यात काय मजा? गाडी घेतानाच यूव्ही-कट काच असलेलं मॉडेल बघा. उकाडा जाचत असेल तर एसी तपासून घ्या.

नंबर प्लेट

इथे थोडक्यात. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) कंपनीकडूनच येते, त्याआधीच्या गाड्यांना राज्यात ती बसवून घ्यायची आहे. ४१४१ चं "दादा", २१४ चं "राम" ही मराठी माणसाची कल्पकता कौतुकास्पदच, पण प्लेटवर इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंकच चालतात, तेही ठरलेल्या आकारात. प्लेटच्या भोवती एलईडी, वर गडद अ‍ॅक्रिलिक, शेजारी "अध्यक्ष" किंवा "प्रेस", यातलं काहीही नको. लिंबू-मिरची टांगायला हरकत नाही, फक्त नंबर झाकला जाऊ देऊ नका.

रंग आणि रॅप

रंग आरसीवर लिहिलेला असतो, त्यामुळे पूर्ण रंग बदलायचा तर आरटीओला कळवून नोंद बदलून घ्यायची. पूर्ण रॅप करून, म्हणजे गाडीभर रंगीत फिल्म चिकटवून, निळी गाडी केशरी दिसत असेल तर "हा रंग नाही, स्टिकर आहे" हा युक्तिवाद नाकाबंदीत टिकत नाही. पारदर्शक पीपीएफ (रंग जपणारी फिल्म), सिरॅमिक कोटिंग, दारावर एखादी पट्टी, यांनी मूळ रंग बदलत नाही, तेव्हा निर्धास्त राहा.

जीप आणि थारवाल्यांसाठी एक खास ओळ. ऑलिव्ह ग्रीन रंग नियम १२१ प्रमाणे फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांसाठी राखीव आहे. आरटीओत अर्ज करूनही तो मिळत नाही.

आत काय वाटेल ते करा, जवळजवळ

गाडीच्या आतल्या सजावटीला या शहराने कधीच नाही म्हटलं नाही. ३० ऑक्टोबर २०२३ ला निरोप घेतलेल्या पद्मिनी टॅक्सींची छतं आठवा: फुलांचं रेक्झिन, झालर, डॅशबोर्डवर देव. आरसीची एक ओळही न बदलता केलेली ती खरी मुंबईची मॉडिफिकेशन. आजही मॅट, म्युझिक सिस्टिम, अँड्रॉइड स्क्रीन, मंद अँबियंट लाइट, रिव्हर्स कॅमेरा यांना कोणी अडवत नाही.

अपवाद दोनच, पण जिवाचे. सीटच्या कडेत एअरबॅग असेल तर साधं घट्ट सीट कव्हर तिला फुटू देत नाही. त्या जागी शिवण मुद्दाम कच्ची ठेवलेलं कव्हर मागा. आणि एअरबॅगचं स्टिअरिंग काढून "स्पोर्टी" स्टिअरिंग लावू नका. अ‍ॅम्प्लिफायरची वायर ओढताना मूळ वायरिंग कापू न देता कपलरने जोडायला लावा, आणि बॅटरीजवळ फ्यूज आहे ना ते डोळ्यांनी बघा.

जे परवानगीने होतं, ते असं करा

सीएनजी हे मुंबईतलं सगळ्यात मोठं कायदेशीर मॉडिफिकेशन, फक्त त्याला कोणी मॉडिफिकेशन म्हणत नाही. २०२२ पासून बीएस-६ पेट्रोल गाड्यांनाही बाहेरून किट बसवायला मुभा आहे. किट तुमच्या मॉडेलसाठी मंजूर झालेलं हवं आणि बसवणारा अधिकृत हवा. याच वाटेने मंजूर इलेक्ट्रिक किट, त्याच प्रकारचं इंजिन बदलणं, दिव्यांग चालकासाठी हाताने चालवायचे ब्रेक-ॲक्सिलरेटर, हेही होतं. अशा किटची चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया), आपल्या पुण्यातच आहे.

क्रम महत्त्वाचा आहे. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेची लेखी संमती, कारण भाडे-खरेदी (हायर-पर्चेस) करारावरच्या गाडीत लेखी संमतीशिवाय बदल करायचा नाही असं कलम ५२ मध्येच आहे. मग किटचं मंजुरीपत्र हातात घेऊन परिवहनच्या वाहन पोर्टलवर "अल्टरेशन"चा अर्ज आणि फी. मग काम. बसवून झाल्यावर बिल, बसवणाऱ्याचं प्रमाणपत्र, विमा, पीयूसी आणि आरसी घेऊन गाडी आरटीओत तपासणीला न्यायची. ज्या आरटीओच्या हद्दीत राहता तिथेच: ताडदेव एमएच-०१, अंधेरी ०२, वडाळा ०३, बोरिवली ४७. बदल झाल्यावर कळवायला कायद्याने १४ दिवस दिले आहेत. इन्स्पेक्टर चासी नंबर आणि किटचा नंबर ताडून बघतो आणि मग आरसीवर इंधनाची नोंद बदलते. एजंट नेमायचा की नाही हा तुमचा प्रश्न, पण कुठल्याही कागदावर कोरी सही देऊ नका.

सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करून घ्यावी लागते. कम्प्लायन्स प्लेटवरची (या तपासणीच्या पट्टीवरची) तारीख उलटली की पंपावर गॅस नाकारतात, आणि रांगेत मागचे सगळे हॉर्न वाजवत असतात.

सोसायटीची पार्किंग मोजून घ्या

हे कुठल्याही परदेशी व्हिडिओत सांगणार नाहीत. मुंबईतल्या कित्येक नव्या इमारतींत स्टॅक किंवा पझल पार्किंग आहे, म्हणजे गाड्या यंत्राने एकावर एक ठेवायची सोय. तिथल्या पॅलेटला, म्हणजे गाडी ठेवायच्या लोखंडी फळीला, ठरावीक रुंदी, उंची आणि वजन असतं. स्प्रिंग बदलून खाली बसवलेल्या गाडीचा बंपर पॅलेटच्या कडेला किंवा बेसमेंटच्या रॅम्पला घासतो. उंच केलेल्या एसयूव्हीवर कॅरिअर चढवला की वरचा पॅलेट खाली येताना जागा राहत नाही. रुंद टायर पॅलेटच्या खाचेत बसत नाही. तेव्हा कशाचीही ऑर्डर देण्याआधी वॉचमनकडून पॅलेटवरची पाटी वाचून घ्या आणि टेपने मोजा. पावसाळ्यात हिंदमाता, मिलन सबवेसारख्या ठिकाणी खाली केलेली गाडी सगळ्यात आधी बंद पडते, आणि उंच केलेल्या गाडीचंही वायरिंग काही वॉटरप्रूफ होत नाही.

विमा: खरा फटका इथे बसतो

चलान भरून माणूस मोकळा होतो. अपघात झाल्यावर मात्र विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीभोवती फिरतो आणि पॉलिसीत न लिहिलेली एकेक गोष्ट टिपून घेतो. न सांगितलेला सीएनजी किट किंवा कापलेलं सस्पेन्शन दिसलं की स्वतःच्या गाडीचा दावा कमी होतो किंवा फेटाळला जातो. दुसऱ्याला इजा झाली असेल तर पॉलिसीच्या अटी मोडल्याचं सिद्ध झाल्यावर न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई द्यायला लावू शकतं आणि मग ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. तो आकडा लाखांत असतो.

उपाय सोपा आहे आणि फार महागही नाही. अलॉय, म्युझिक सिस्टिम, किट, जे काही कायदेशीरपणे लावाल त्याचं बिल घ्या, विमा कंपनीला मेल करून कळवा, जादा प्रीमियम भरा आणि पॉलिसीवर एंडोर्समेंट, म्हणजे त्या बदलाची लेखी नोंद, आली की नाही ते पाहा. फोनवर "नोंद केली सर" म्हटलेलं कामाचं नाही.

अडवलं तर

कागद डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये दाखवले तरी चालतात. हवालदाराला तुम्ही किंवा साहेब म्हणून बोला, कोणाला तरी फोन लावतो म्हणून धमकावू नका. ज्याला परवानगी आहे त्याची नोंद आरसीवर दाखवा. चलान चुकीचं वाटलं तर तिथे हुज्जत घालून उपयोग नाही, ऑनलाइन तक्रार करा. फिल्म जागच्या जागी काढायला सांगितली तर काढा.

टोकाची हौस असेल तर

ज्याला खरंच टर्बो, रोल केज (आतला लोखंडी पिंजरा), स्लिक (नक्षी नसलेले) टायर हवे आहेत, त्याने ती गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. ती ट्रेलरवर चढवून ट्रॅकवर न्यायची. मुंबईत ट्रॅक नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचा करी, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट हे पर्याय. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती होत आल्या आहेत. मोटरस्पोर्टचं लायसन्स एफएमएससीआय ही देशातली मोटरस्पोर्टची संघटना देते. सी लिंकवर रात्री दोनला शर्यत लावणं हा कलम १८९ खालचा वेगळा गुन्हा आहे.

आधीच मॉडिफाय केलेली गाडी विकत घेताना

सेकंड हँड बाजारात लिफ्ट केलेली थार किंवा खाली बसवलेली जुनी सेदान स्वस्तात मिळते आणि मोह होतो. आधीच्या मालकाने काय केलं याची जबाबदारी नाव बदलल्यावर तुमच्या गळ्यात येते. आरसीवरचा रंग, इंधन, इंजिन नंबर समोरच्या गाडीशी स्वतः ताडून बघा, थकलेली चलानं तपासा, आणि मूळ बंपर, सायलेन्सर, स्प्रिंग, चाकं आहेत का विचारा. असतील तर ट्रान्सफरचा फॉर्म भरण्याआधी ती विकणाऱ्याच्याच खर्चाने परत बसवून घ्या. नसतील तर त्यांची किंमत कंपनीच्या पार्ट्स काउंटरवर विचारून तेवढी भावातून कापा. आणि तुम्ही स्वतः काही बदलणार असाल तर काढलेले ओरिजिनल पार्ट गॅरेजवाल्याला "जुन्यात" देऊन टाकू नका. घरात जागा नसेल तर माळ्यावर टाका, गावी पाठवा, पण ठेवा.